हाताला जड लागलेली हार्ड डिस्क

भगवंतरावांच्या उजव्या हाताची कीर्ती जळगाव जामोदच्या मार्केट यार्डापासून पार सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पसरली होती. हरभऱ्याचे चार दाणे मुठीत घेतले की ओलावा किती ते हा हात सांगतो, पोत्याचा कान धरून हलवला की मातेरं किती ते सांगतो, आणि तळहातावर ठेवलेली कुठलीही वस्तू काट्यावर न चढवता तोलून दाखवतो, अशी ख्याती. ख्याती पसरवणारे बहुतेक त्यांच्याच आडतीवर चहा पिणारे होते, हा भाग वेगळा. सून सारिका ही कीर्ती लग्न झाल्यापासून रोज जेवणाबरोबर ऐकत आली होती. हात चांगला असेल, तिचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. पण हात चांगला आहे म्हणून देवानं दिलेलं डोकं माणसानं बारदान्यात गुंडाळून ठेवावं का, एवढंच तिला कळत नसे. हे ती कधी बोलली नाही. बोलून उपयोग होईल अशी माणसं या घरात नाहीत, असं तिचं ठाम मत होतं.

घरात कॉम्प्युटर एकच. तो आडतीचे हिशेब ठेवायला म्हणून आणला होता, पण हिशेब भगवंतरावांच्या डोक्यात आणि मुनिमाच्या वहीतच राहिले. कॉम्प्युटरवर चढले ते भगवंतरावांचे सत्कार. तालुक्यात कुणाला शाल कुणाच्या खांद्यावर टाकावी असा प्रश्न पडला की लोकांना भगवंतरावांचा खांदा आठवे. प्रत्येक शालीचा व्हिडिओ, प्रत्येक नारळाचा फोटो. त्यात मुकुटमणी म्हणजे त्यांची एकसष्टी. त्या दिवशी भगवंतरावांची गूळतुला झाली होती. एका पारड्यात भगवंतराव मांडी घालून, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या, भोवती फेटेवाले, दोन कॅमेरे आणि वरून घिरट्या घालणारा ड्रोन. पाच तासांचं ते चित्रण, काहीही न कापता, कॉम्प्युटरवर ठेवलेलं होतं. ते शेवटपर्यंत पाहिलेला माणूस अजून जन्माला यायचा होता.

आणि त्याच कॉम्प्युटरच्या एका कोपऱ्यात सारिकाचे धडे होते.

सारिका अकोल्याची. बी.एस्सी., बी.एड. झालेली. लग्नाआधी दोन वर्षं शाळेत शिकवलेलं. आडत्याच्या सुनेनं पगाराला जाणं म्हणजे आडतीनं दिवाळं काढलं असं लोक म्हणतील, या एका वाक्यावर तिची नोकरी संपली होती. त्या वाक्याची किळस तिला अजून येत असे. मग अकोल्याच्या एका संस्थेनं तिला विचारलं. आदिवासी आणि खेड्यातल्या मुलींची वसतिगृहं चालवणारी संस्था. दहावीचं विज्ञान मुलींना कळेल अशा वऱ्हाडी बोलीत रेकॉर्ड करून द्याल का, सगळेच धडे, जूनच्या आत? शाळा सुरू झाल्या की प्रत्येक वसतिगृहात ते लागतील, शिक्षिका म्हणून तुमचं नाव राहील. सारिकानं हो म्हणायला श्वास घेण्याइतकाही वेळ घेतला नाही. या घरात ती सागरची बायको होती, भगवंतरावांची सून होती, पाहुण्यांची चहावाली होती. सारिका म्हणून कुणी तिच्याकडे काही मागितलं ते बऱ्याच काळानं.

वरच्या खोलीत भिंतीवर फळा टांगून, फोन स्टँडला लावून ती धडे बोलू लागली. गुरुत्वाकर्षण झालं, विद्युतधारा झाली, आणि उष्णतेचा धडा कॉम्प्युटरवर चढवताना कॉम्प्युटरनं हात टेकले. डिस्क भरली आहे, जागा नाही. मोठी हार्ड डिस्क घ्यावी लागेल, असं तिनं रात्रीच्या जेवणात सागरला सांगितलं.

सागर, म्हणजे तिचा नवरा, वाईट माणूस नव्हता. तो कुठलाच माणूस नव्हता. वडील बोलले की मान हलवायची, वडील थांबले की मान थांबवायची, एवढंच काम त्यानं आयुष्यभर चोख केलं होतं. तो म्हणाला, बाबांना विचारू. आणि बाबांना विचारलं म्हणजे घरच्या कॉम्प्युटरला किती जागा लागते हा साधा प्रश्न राहिला नाही. तो मालाच्या खरेदीचा प्रश्न झाला, आणि माल म्हटला की भगवंतरावांचा हात आलाच.

तिघं मिळून बस स्टँडजवळच्या आसिमच्या दुकानात गेले. आसिम कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, विकायचा, आणि गिऱ्हाइकाला आपल्यापेक्षा कमी कळतं हे लपवायचे कष्ट घेत नसे. त्यानं काचेवर दोन डिस्क ठेवल्या. एक नेहमीची, चार टीबीची. दुसरी बोटभर लांबीची, दोन टीबीची, पण महाग. ही घ्या, आसिम म्हणाला, हिच्यात फिरणारं काही नाही, पडली तरी मरत नाही, काम पटापट होते.

भगवंतरावांनी ती छोटी डिस्क उचलून तळहातावर ठेवली. डोळे मिटले. दुकानात पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. सागरनंही आदरानं श्वास धरला होता. सारिकाला वाटलं, आपण देवळात आलो आहोत आणि पुजारी ठार आंधळा आहे.

"ह्याच्यात भरलं काय हाये बे? भुसा?" भगवंतरावांनी विचारलं.

आसिमनं समजावलं की साठवण वजनावर नसते. भगवंतरावांनी ते ऐकून घेतलं नाही. त्यांनी चार टीबीवाली उचलली. ही जरा बरी, पण हीही हाताला भरत नाही, म्हणाले. चाळीस वर्षं यार्डात काढली, हलका माल कधी घेतला नाही, आता उतारवयात घेऊ काय? आसिमनं दोन्ही डिस्क परत खोक्यात टाकल्या आणि मोबाइल उघडून बसला. असल्या गिऱ्हाइकाशी वाद घालणारा तो नव्हता. बाहेर पडताना सागर बापाच्या मागून म्हणाला की बाबांचं बरोबर आहे, हातात घेतल्यावर काहीच वाटत नाही. सारिकानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात भगवंतराव खामगावला एका तेरवीला गेले आणि येताना तिथल्या मैदानावरच्या सेलमधून डिस्क घेऊन आले. रुमालात गुंडाळून, नुकत्याच जन्मलेल्या नातवाला आणावं तशी. काळी, चकचकीत, विटेएवढी जड. वर सोनेरी अक्षरात सोळा टीबी लिहिलेलं. कंपनीचं नाव कुठल्याच कंपनीचं नव्हतं. आसिमच्या चारपेक्षा ही चौपट मोठी आणि तिच्याहून स्वस्त, आणि वजन पाहा वजन, असं म्हणत त्यांनी ती आल्यागेल्याच्या हातावर ठेवली. सरस्वतीबाईंनी, म्हणजे सारिकाच्या सासूबाईंनी, घरात यंत्र आलं की करतात तशी तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि स्वयंपाकघरात परत गेल्या. सरस्वतीबाई या घरात बोलत नसत. भगवंतरावांच्या बोलण्यात शिरायला फटच नसे, म्हणून असेल.

सारिका मात्र तेव्हा बोलली. एकदाच, पण सरळ बोलली.

"मामाजी, सोळा टीबी इतल्या स्वस्तात कोणी देत नाई. हे बनावट असते. परत करून या."

"तुले विज्ञान समजते, मले माल समजते," भगवंतराव म्हणाले. "हात खोटा बोलत नाई, पोरी."

सागरनं मान हलवली. कुणाच्या बाजूनं हलवली हे विचारायची गरज नव्हती.

बस, त्या दिवसापासून सारिकानं तोंडाला कुलूप लावलं. आणि खरं सांगायचं तर तिला मजा वाटायला लागली. रविवारी सागर कॉम्प्युटरपुढे बसला. बापाचे सगळे सत्कार, तिन्ही बहिणींची लग्नं आणि ती पाच तासांची एकसष्टी त्यानं नव्या डिस्कवर हलवायला घेतली. हलवली म्हणजे नक्कल नाही केली, इथून उचलली आणि तिथं टाकली. जुन्यात कचरा कशाला ठेवायचा, म्हणे. सारिका दारात तांदूळ निवडत बघत होती. बनावट डिस्कचा प्रकार तिला ठाऊक होता. वरून सोळा टीबी म्हणायचं आणि आत चिमूटभर जागा. जे ओताल ते घेते, नावं दाखवते, आणि आतलं सगळं वाहून जाते. उठून दोन पावलं टाकून ती सागरचा हात धरू शकली असती. ती तांदूळ निवडत राहिली. बुडू दे ती गूळतुला, बुडू देत त्या शाली, तिला मनातून गुदगुल्या होत होत्या. मूर्खांचं नुकसान मूर्खांपुरतंच राहतं, असा तिचा समज होता. शिकलेल्या माणसाचे समज असे असतात.

शिवाय तिचं त्यात भलंच झालं होतं. एकसष्टी उठून गेल्यामुळे जुन्या डिस्कवर ऐसपैस जागा झाली. सारिका सुटली. सकाळचा स्वयंपाक उरकला की वर, दुपारची भांडी झाली की वर. भिंग, धातू, पेशी, अनुवंश, एकामागून एक धडे झाले. कॅमेऱ्यासमोर ती बोलायची तेव्हा तिचा आवाजही वेगळा यायचा, मोकळा, थट्टेखोर. आधी गावातल्या पोरींना तिनं धडे दाखवून पाहिले असते तर बरं झालं असतं, निदान एकदोघींच्या मोबाइलवर राहिले असते. पण संस्थेनं सगळं एकदम द्या म्हटलं होतं आणि सारिकाला अर्धवट काही दाखवायची सवय नव्हती. फोनला जागा कमी, म्हणून धडा कॉम्प्युटरवर चढला की ती तो फोनमधून पुसत असे. दुसरी प्रत कुठे ठेवावी हा विचार तिनं केला, आणि पुढे ढकलला. धडे पोचवले की आसिमकडची ती हलकी डिस्क स्वतःसाठी घ्यायची, असं तिनं ठरवलं होतं. तोवर जुन्या डिस्कला हात लावायला कोण जातंय? सगळं घर त्या काळ्या विटेच्या आरतीत गुंतलेलं.

सगळे धडे संपले त्याच आठवड्यात भगवंतरावांनी यार्डातल्या चार आडत्यांना चहाला बोलावलं. निमित्त सोळा टीबी. टीव्हीवर एकसष्टी दाखवायची, आणि ती या डिस्कमधून कशी स्वच्छ निघते ते लोकांनी पाहायचं. सारिका पोहे ढवळत होती, पण तिचं लक्ष बाहेर होतं. आज फुगा फुटणार होता. टीव्हीवर काळोख पसरणार, आणि चार आडत्यांसमोर तो थोर हात तोंडावरून फिरणार. असं दृश्य रोज बघायला मिळत नाही.

फुगा फुटला नाही. टीव्हीच्या बाजूला काळी डिस्क जास्वंदाचं फूल लावून बसली होती, तिच्यातून वायर निघाली होती, आणि पडद्यावर भगवंतराव पारड्यात मांडी घालून स्पष्ट दिसत होते. गुळाची एकेक भेली चढत होती. आडते माना डोलवत होते. एकजण म्हणाला, भगवंतराव, हात तो हातच. सागर कॉम्प्युटरपाशी उभा होता आणि घामानं ओला झाला होता. उकडत असेल, असं सारिकाला वाटलं. पोह्यांची बशी हातात धरून ती क्षणभर ओशाळली. म्हणजे डिस्क खरी होती तर. म्हणजे हे सगळे शहाणे आणि आपणच तेवढ्या उंटावरच्या. त्या संध्याकाळी तिनं भगवंतरावांना चहात साखर जास्त घातली, मनातल्या मनात माफी म्हणून. या गोष्टीचा तिला पुढे फार संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धडे पाठवायला कॉम्प्युटरवर बसली. धड्यांचा फोल्डर नव्हता.

नाव चुकलं असेल म्हणून तिनं शोधलं. दुसरीकडे ठेवला असेल म्हणून शोधलं. टाकाऊ वस्तूंच्या टोपलीतही पाहिलं, ती रिकामी केलेली होती. धडे जिथं होते तिथं एकसष्टी बसली होती, पाचही तास. काल टीव्हीवर गूळतुला कुठून आली ते तिला तेव्हा कळलं. काळ्या डिस्कची वायर दिखाव्याची होती. चित्र जुन्या डिस्कवरूनच चाललं होतं.

सागर न्याहारी करत होता. तिनं विचारलं तेव्हा त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तो चटणीत बराच वेळ फिरवला. तुझे धडे नव्या डिस्कवर टाकले ना, सगळे आहेत, नावं बघ, असं तो म्हणाला. तिनं काळी डिस्क लावली. नावं होती. गुरुत्वाकर्षण, विद्युतधारा, उष्णता, पार शेवटच्या धड्यापर्यंत, एकही कमी नाही. एकही उघडत नव्हतं. चालवून पाहिलं होतं का, तिनं विचारलं. सागरनं यार्डात उशीर होतो म्हणून ताट सरकवलं आणि तो निघून गेला.

डिस्क पिशवीत टाकून ती आसिमकडे गेली. आसिमनं ती नुसती बघितली आणि पेचकस काढला. चार स्क्रू, एक झाकण. आत चार मोठे लोखंडी नट गोंदानं चिकटवलेले होते आणि कोपऱ्यात नखाएवढं एक मेमरी कार्ड. बाकी पोकळ. ट्रॅक्टरच्या चाकाला बसणारे नट असतात तसले, चांगले दणकट.

"सागरभाऊले मी मांगंच सांगतलं होतं, भाभी," आसिम म्हणाला. "त्याचं पहिलं सगळं ह्याच्यात बुडालं. म्हणे, बाबाले कळू देऊ नको. मंग खामगावच्या व्हिडिओवाल्याकून एकसष्टी परत आणली त्यानं. जुन्या डिस्कवर जागा नव्हती, म्हणे. कोठून केली जागा, ते मले माहीत नाई."

सारिकाला माहीत होतं. जुन्या डिस्कमधून पुसलेलं परत काढता येतं का, एवढंच तिनं विचारलं. एरवी निघालं असतं, आसिम म्हणाला, पण त्याच जागेवर पाच तासांचा पिक्चर चढवला आहे, आता खालचं निघणार नाही. त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं. सारिकानं नट आणि झाकण पिशवीत भरून घेतलं.

दुकानाबाहेरच्या बाकावर बसून तिनं संस्थेला फोन लावला. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, हळहळल्या, पण शाळा तोंडावर आल्या आहेत म्हणाल्या. दहावीचं काम आता दुसऱ्या कुणाकडे तरी द्यावं लागेल. पुढच्या वर्षासाठी नववीचं करायचं आहे. तुमची तयारी असेल तर लगेच सुरू करा, पण आता मध्येच असं काही होऊ देऊ नका. सारिका करते म्हणाली. फोन ठेवल्यावर ती रडली. येणारेजाणारे बघत होते, तरी रडली. रडताना तिला राग येत होता तो सागरचा होता, भगवंतरावांचा होता, आणि तांदूळ निवडत दारात बसलेल्या त्या शहाण्या बाईचाही होता. त्या दिवशी तिनं सागरचा हात धरला असता तर एकसष्टी जुन्या जागी राहिली असती, धड्यांना जागा अपुरी पडली असती, आणि शेवटी आसिमकडची डिस्क घ्यावीच लागली असती. तिनं ते केलं नाही, कारण तिला तमाशा बघायचा होता.

ती घरी आली तेव्हा बापलेक जेवायला बसले होते. सरस्वतीबाई वाढत होत्या. सारिकानं उघडलेली डिस्क भगवंतरावांच्या ताटापाशी ठेवली आणि चारही नट एकेक करून शेजारी मांडले. मग तिनं सांगितलं. आत काय निघालं, सागरला कधीपासून ठाऊक होतं, टीव्हीवर काय चाललं होतं, आणि त्यासाठी काय पुसलं.

सागर ताटात बघत म्हणाला, "चार लोकात बाबाची इज्जत गेली असती."

"आन माह्ये धडे?"

"ते तू पुन्हा बोलशील न."

सारिकानं त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की हा माणूस भित्रा आहे. भित्र्याची निदान कीव तरी येते. हा भित्रा नव्हता. यानं दोन गोष्टी तोलल्या होत्या, बापाची एक संध्याकाळ आणि बायकोचं सगळं काम, आणि त्याला वाटलं त्याप्रमाणे पारडं खाली गेलं होतं. त्यात त्याला काही चुकल्यासारखं वाटतही नव्हतं.

भगवंतरावांनी एक नट उचलला. तळहातावर ठेवला, वरखाली केला.

"वजन त बरोबर होतं," ते म्हणाले.

मग त्यांची नजर पोराकडे गेली आणि त्यांचा चेहरा उजळला. खरोखर उजळला. पोरानं बापाची लाज राखली, असं ते सरस्वतीबाईंना म्हणाले. खामगावला गेला, व्हिडिओवाल्याला गाठलं, घामाघूम झाला, पण बापाला कळू दिलं नाही, आजकाल कोण करतं इतकं? सागरनं मान खाली घातली ती लाजून. कौतुकानं लाजला तो.

"धड्याचं काय घेऊन बसली, पोरी," भगवंतराव समजुतीनं म्हणाले. "धडे पुन्हा बोलता येतात. एकसष्टी काई पुन्हा होत नाई."

"गूळतुला पुन्हा होते, मामाजी," सारिका म्हणाली. "गूळ बाजारात मिळते."

ती कॉम्प्युटरपाशी गेली. तिला नववीचे धडे सुरू करायचे होते आणि त्यासाठी जागा हवी होती, हे तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. लपूनछपून पुसायला ती काही या घराची लेक नव्हती. तिनं एकसष्टी निवडली. पडद्यावर प्रश्न आला, कायमचं पुसायचं का, खात्री आहे का? सागर उठला, पण बापाकडे बघत तिथंच उभा राहिला. बापानं अजून काही सांगितलं नव्हतं.

भगवंतराव उष्ट्या हातानं उठले. सुनेच्या अंगावर हात टाकता येत नाही, ओरडलं तर शेजारी ऐकतात. व्हिडिओवाल्याकडे आता ते चित्रण उरलं नव्हतं, देतानाच तो म्हणाला होता की मी हे काढून टाकतो, मला जागा लागते. हे सागर पुटपुटला, आणि मग मात्र भगवंतराव खरेच घाबरले. ते बायकोकडे वळले. चाळीस वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदा काही विचारलं असेल.

"तू सांग हिले. पुसू द्याची काय एकसष्टी? घरातला इतला मोठा दिवस."

सरस्वतीबाई भाकरीचं टोपलं हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते खाली ठेवलं, पदराला हात पुसले.

"काल म्या पाह्यलं ते," त्या म्हणाल्या. "तुमचे लोक गेल्यावरबी चालूच होतं, सारं पाह्यलं. पाच घंट्यात मी कोठीच नाई. मी मांगं गुळाच्या भेल्या फोडत होती."

भगवंतरावांचा हात तसाच पुढे राहिला, बोटांना वरण लागलेला.

"पुस वं पोरी," सरस्वतीबाई म्हणाल्या, आणि सागरचं ताट उचलून मोरीकडे गेल्या.

सारिकानं पुसून टाकलं. मग ती वर गेली, फळ्यावर गतीचे नियम असं लिहिलं, आणि खाली भांड्यांचा आवाज थांबायची वाट बघत बसली.